सोनेरी अक्षरांचा प्रोजेक्ट

‘प्रोजेक्ट’ ह्या शब्दाची आपल्या महाविद्यालयांतून जेवढी विटंबना चालली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाच्या वाट्याला आली असेल. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातील कोणाही मुलाला विचारा, “बाळ, तुझा प्रोजेक्ट दाखव.” तो तुमच्यापुढे काळ्या रेक्झिनच्या बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ आणून ठेवील. वर सोनेरी अक्षरे. आत पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, दुसऱ्यावर प्रमाणपत्र, तिसऱ्यावर आभार. त्या आभारांत प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांचे ऋण मान्य केलेले असते. मग चौकोन-बाणांच्या आकृत्या, आणि शेवटी शंभर-दीडशे पाने भरून छापलेला प्रोग्रॅम. परीक्षक येतात, ग्रंथ चाळतात, दोन प्रश्न विचारतात, चहा घेतात आणि सही करतात. ग्रंथ कपाटात जातो आणि प्रोजेक्ट झाला!

परंतु प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी माणसे ज्या वस्तूला प्रोजेक्ट म्हणतात, ती ह्या ग्रंथात नसते. ती कोणी मागत नाही, कोणी तपासत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोणी शिकवीतही नाही.

मला जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फराळाकडे वळावयाचे असेल त्यांना खुशाल वळता येईल. प्रोग्रॅम लिहावयास शिकवणे आणि प्रोजेक्टची फाइल न शिकवणे हा शिक्षणातला किरकोळ उणेपणा नव्हे. ती मुलांची फसवणूक आहे. जो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच यंत्रावर चालतो आणि शेजारच्या यंत्रावर चालत नाही, त्याला मी प्रोग्रॅम म्हणावयास तयार नाही. त्याला शेजारी नेऊन सोडणारी वस्तू म्हणजे ही फाइल. ती शिकवावयास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास ज्यांना तीन वर्षांत सापडत नाही, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांनी वाचावयाचा असतो. म्हणून ही वस्तू काय आहे ते चकलीच्या भाषेत सांगतो. चकलीची भाजणी करावयाची म्हटली की तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धने, जिरे असे डबे फडताळातून निघतात. पण फडताळात तेवढेच डबे नसतात. पोह्यांचा असतो, साबुदाण्याचा असतो, मागच्या वर्षीच्या उरलेल्या भाजणीचाही असतो. कोणते डबे घ्यावयाचे, किती मापे घ्यावयाची, आधी काय भाजावयाचे, गिरणीवाल्याला जाड सांगावयाचे की बारीक, हे सारे एका चिठ्ठीवर लिहिलेले असले तर सासूबाई गावाला गेल्या तरी सुनेची चकली बिघडत नाही. चिठ्ठी नसली तर डबे सगळे घरात असूनही भाजणी होत नाही.

संगणकाच्या बाबतीत नेमके असेच आहे. मोठा प्रोग्रॅम एका फायलीत मावत नाही. त्याच्या पाच-पन्नास, कधी पाच-पन्नास हजार फायली होतात. त्या फायली म्हणजे डबे. लिहिलेल्या अक्षरांचे यंत्राला समजेल असे पीठ करणारा कम्पायलर ही गिरणी. आणि लिहिणे, दळणे, चुका शोधणे ही सगळी कामे एकाच ओट्यावर करता यावीत म्हणून जी सोय असते, तिला आद्याक्षरांनी ‘आयडीई’ म्हणतात, ते स्वयंपाकघर. ह्या स्वयंपाकघरातली चिठ्ठी म्हणजे प्रोजेक्टची फाइल. प्रोग्रॅमचे सभासद कोण, त्यांना बाहेरच्या कोणत्या तयार भागांची गरज आहे, त्या भागांची आवृत्ती कोणती, आणि दळण कसे करावयाचे, एवढेच ती सांगते. बहुधा ती साधा मजकूरच असते. कोणालाही उघडून वाचता येते. तिच्यात जादू अशी काही नाही.

आता ह्या चिठ्ठीवाचून काय होते ते सांगतो.

आमचे गाव निमोणे, शिरूर तालुक्यातले. बाजरी, कांदा, ऊस आणि दारात दोन-चार गाई, असा इथला संसार. माझे आयुष्य पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्यात गेले, पण थोरले बंधू गावी आहेत. त्यांचा मुलगा तालुक्याबाहेरच्या एका महाविद्यालयात संगणक शिकला. शेवटच्या वर्षी त्याने दोन मित्रांच्या साथीने गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्रॅम केला. आणि चांगला केला, हे मी काका म्हणून नव्हे, कारागीर म्हणून सांगतो. सकाळ-संध्याकाळ कोणी किती लिटर दूध घातले, फॅट किती, एसएनएफ किती, त्यावरून दर किती, आणि दहा दिवसांचे बिल किती, हे सगळे तो चोख काढी. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ह्या मापाला जो दर, त्याच्या खाली गेले की पॉइंटमागे कपात, असा हा हिशेब असतो. हाताने करताना त्यात चुका होतात, आणि चूक झाली की केंद्राच्या पायरीवर आवाज चढतात. केंद्रचालकांनी दोन महिने ह्या मुलाच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवून पाहिला. सुदैवाने त्यांनी जुनी वही मात्र सोडली नव्हती.

मग लॅपटॉपची डिस्क गेली.

मी दिवाळीला गावी पोचलो तेव्हा पुतण्या ओटीवर पेन ड्राइव्ह घेऊन बसला होता. “काका, कोड सगळा आहे,” तो म्हणाला. “काळ्या पुस्तकात छापण्यासाठी मी सगळ्या फायली ह्याच्यात घेतल्या होत्या. पण प्रोग्रॅम उघडत नाही. माझ्या लॅपटॉपवर तर चालत होता!”

हे शेवटचे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहे की, प्रोग्रॅमरांच्या समाधीवर तेच कोरावे असे मला वाटते.

पेन ड्राइव्ह उघडला. फायली खरोखरच सगळ्या होत्या. खरे म्हणजे जास्तच होत्या. ‘बिल’ होती, ‘बिल नवे’ होती, ‘बिल फायनल’ होती आणि ‘बिल फायनल दोन’ही होती. ‘दर’ होती आणि ‘दर नवा’ होती. त्याखेरीज एक ‘सोल्यूशन’ नावाची छोटी फाइल होती. मुलाची समजूत अशी की तीच प्रोजेक्ट. ती नुसती लग्नपत्रिका होती! अमुक नावाचा प्रोजेक्ट अमुक फोल्डरात आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. पत्रिका हातात, आणि त्या पत्त्यावर मांडव नाही. ज्या प्रोजेक्ट फायलीत सभासदांची खरी नावे होती, ती छापावयाची नसल्यामुळे ह्याने घेतलीच नव्हती. काळ्या पुस्तकात तिला जागा नव्हती ना!

“ह्या दोन ‘दर’ फायलींतली खरी कोणती?” मी विचारले.

“नवा असेल,” तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, “नाही काका. ‘दर नवा’ आधी केली होती. तिच्यात चूक निघाली म्हणून परत ‘दर’मध्येच दुरुस्ती केली... बहुतेक.”

तारखा पाहाव्या, तर छापण्याआधी प्रत्येक फायलीच्या माथ्यावर नाव आणि रोल नंबर घालावा असा महाविद्यालयाचा दंडक होता; त्यामुळे सगळ्या फायलींवर एकाच दिवसाची तारीख. दोन्ही फायली उघडून ताडून पाहिल्या. एसएनएफ कमी पडल्यास करावयाच्या कपातीत दोहोंत फरक होता आणि आमच्याकडच्या नेहमीच्या दुधाला तो लिटरमागे चाळीस पैशांचा पडत होता. चाळीस पैसे म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. रोज वीस लिटर दूध घालणाऱ्या घराला ते दहा दिवसांत ऐंशी रुपये होतात. पेंडीच्या पोत्याचा भाव विचारून या आणि मग बोला.

हा तिढा संगणकाने सोडवला नाही, वहिनींनी सोडवला. गाई त्याच पाहतात. त्या आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. “भावजी, ह्या बघा पावत्या. मी एक पन टाकली नाय.” प्रोग्रॅम चालू असतानाच्या त्या पावत्या होत्या, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर, सगळे छापलेले. दोन्ही फायलींनी हिशेब करून पावत्यांशी ताडला, तेव्हा ‘दर’ खरी आणि ‘दर नवा’ खोटी हे ठरले. मग अशाच खटपटीने चार बिलांतले खरे बिल शोधले. बाहेरून आणलेल्या तयार भागांच्या आवृत्त्या अंदाजाने लावल्या. दोन दिवस गेले. ज्या प्रश्नांची उत्तरे एका पानाच्या फायलीत होती, त्यांसाठी दोन दिवस आणि वहिनींचा डबा! ज्या घरात पावत्या जपून ठेवणारी बाई नाही, त्या घराने काय करावे?

ह्यात पुतण्याचा दोष किती? मी म्हणतो, रुपयात चार आणे. उरलेले बारा आणे शिकवणाऱ्यांचे. आणि हे मी अनुभवाने म्हणतो, कारण माझ्या पिढीचीही हीच फसवणूक झालेली आहे.

आम्ही प्रोग्रॅम लिहावयास शिकलो तो बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर. १९९१ साली निघालेली तिची तिसरी आवृत्ती आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून इतकी वर्षे नांदली की, तिच्यापुढे कित्येक प्राचार्य निवृत्त झाले. १९९८ साली सी प्लस प्लस ह्या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, भाषेची ठेवण बदलली. तरी आमची मुले जुन्या आरंभाच्या ओळी घोकतच होती. पुढे चौसष्ट बिटांची विंडोज आली. तिच्यावर हा सोळा बिटांचा पुराणपुरुष चालेना, तेव्हा जुन्या डॉसचे सोंग घेणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आणून त्याच्या पोटात ह्याला बसवण्यात आले. एवढी खटपट केली, पण अभ्यासक्रम हलला नाही!

त्या निळ्या पडद्याच्या माथ्यावर पर्यायांची एक ओळ असे: फाइल, एडिट, सर्च, रन, कम्पाइल, डीबग, आणि सातवा शब्द प्रोजेक्ट. तो उघडला की नवा प्रोजेक्ट मांडता येई, त्यात एकेक फाइल घालता येई, काढता येई. सगळी सोय होती. पण आमच्या वर्गात तो सातवा शब्द कोणी उघडला नाही. मी एकदा मास्तरांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “ते परीक्षेला नाही.” त्यामुळे फायली दोन झाल्या की आम्ही काय करीत असू? एक फाइल उचलून दुसरीत ओतत असू. चकलीची भाजणी आणि शंकरपाळ्यांचा मैदा एकाच डब्यात! पुढे पुण्याला पहिल्या नोकरीत मला शेकडो फायलींच्या प्रोग्रॅमपुढे बसवले, तेव्हा पहिले आठ दिवस मी नुसता घाम पुशीत होतो. पदवी पहिल्या वर्गाची होती आणि स्वयंपाकघरातली चिठ्ठी वाचता येत नव्हती.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिला आक्षेप दयाळू शिक्षकांचा: “नवशिक्याला गोंधळात कशाला टाकता? आधी एक फाइल येऊ द्या, मग पुढचे.” हे ‘मग पुढचे’ कधीच येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. आणि गोंधळ कसला? अर्डुइनो नावाचे जे छोटे यंत्र हल्ली शाळांतली मुलेसुद्धा हाताळतात, त्याच्या आयडीईचा दंडकच असा आहे की, ज्या नावाची फाइल त्याच नावाचा फोल्डर हवा. सातवी-आठवीची मुले तो नियम निमूटपणे पाळतात. आणि ह्यांच्या मते वीस वर्षांचा पदवीधर गोंधळणार!

दुसरा आक्षेप शूरांचा. त्यांना आयडीईचाच तिटकारा. “हे सगळे कंपन्यांनी टाकलेले जाळे आहे. खरा प्रोग्रॅमर काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा टाइप करतो. प्रोजेक्ट फाइल हे पांगळ्याचे लक्षण.” ह्यात चार आणे सत्य आहे. एकाच कंपनीच्या आयडीईला कळेल अशी चिठ्ठी लिहिली की माणूस त्या कंपनीच्या दारात बांधला जातो, हे खरे. पण म्हणून चिठ्ठीच नको? शूरांच्या स्वतःच्या इतिहासाची मी त्यांना आठवण करून देतो. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. का लिहिले? त्यांचे एक सहकारी संतापून त्यांच्या खोलीत आले होते. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती. पण ती फाइल पुन्हा दळावयाची राहून गेली होती. त्यामुळे बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली. युनिक्स घडवणाऱ्या माणसांची ही कथा! कोणती फाइल कोणत्या फायलीवर अवलंबून आहे हे डोक्यात ठेवणे त्यांनाही जमले नाही, म्हणून त्यांनी ते कागदावर, म्हणजे ‘मेकफाइल’मध्ये, लिहावयास सुरुवात केली. मेकफाइल ही काळ्या पडद्यावरची प्रोजेक्ट फाइलच आहे. फेल्डमन ह्यांना ह्याच कामासाठी २००३ सालचा एसीएमचा मानाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा शूरांनी मिशा पिळाव्यात, पण चिठ्ठीची निंदा करू नये.

ह्याच कथेला एक शेपूट आहे, तेही आमच्या शिक्षकांनी ऐकावे. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी ‘टॅब’ हे बटण दाबावे लागते. त्याच्या जागी कोऱ्या जागा सोडल्या तर चालत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसते. हा विचित्रपणा फेल्डमन ह्यांच्या लवकरच ध्यानात आला होता. पण तोवर दहा-बारा माणसे, बहुतेक त्यांचे स्नेहीच, ते साधन वापरू लागली होती. त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. त्या दहा-बारा जणांच्या सोयीखातर पुढच्या पिढ्या आजतागायत ठेचकाळत आहेत. पहिल्या दिवशीची सवय किती टिकते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने हे उदाहरण पाहावे. पहिल्या दिवशी ‘एकच फाइल’ शिकवणारा शिक्षक ह्याहून वेगळे काय करतो?

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: “प्रोजेक्ट फाइल असली तरी दुसऱ्या यंत्रावर ती खोटी पडते.” पडते! कारण ती खोटी लिहिलेली असते. दरपत्रक कोठे आहे, तर म्हणे सी ड्राइव्हवर, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, त्याच्या डेस्कटॉपवर. शेजारच्या यंत्रावर त्या नावाचा माणूसच नाही, मग डेस्कटॉप कोठला? पत्ता असा द्यावा की, ‘ह्याच वाड्यातली मधली खोली’. मग वाडा उचलून शिरूरला नेला काय आणि सॅन फ्रान्सिस्कोला नेला काय, मधली खोली मधलीच राहते. आणि कागद चुकला म्हणून कागदच नको, हे कोणते तर्कशास्त्र? सात-बाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे आमच्याकडे हवे तेवढे सापडेल. म्हणून काय कोणी सात-बारा जाळा म्हणतो? तलाठ्याकडे खेटे घालून नोंद दुरुस्त करून घेतो. प्रोजेक्ट फायलीच्या दुरुस्तीला तर तलाठीही लागत नाही.

चौथा आक्षेप अगदी ताजा आहे: “आता प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते. तुमच्या चिठ्ठ्या कोणाला हव्यात?” यंत्र लिहून देते हे मी नाकारीत नाही, मीही लिहून घेतो. पण यंत्राने दहा फायली भराभर लिहून दिल्या, तर त्यांतली कोणती ठेवली, कोणती टाकली, कोणती कशावर अवलंबून आहे, ह्याची नोंद अधिक नेटकी लागेल की कमी? पूर्वी ‘बिल फायनल दोन’ लिहावयास मुलाला दोन तास लागत; आता ‘बिल फायनल वीस’ दोन मिनिटांत तयार होते. पीक वाढले की खळ्याचा हिशेब सोडून द्यावा, असे सांगणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुराणवस्तुसंशोधकांनी १९६८ साली उत्खनन सुरू केले आणि ते पुढे अनेक वर्षे चालले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी थोर माणसे त्यात होती. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली. शंभराहून अधिक घरे निघाली. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत एक बैल सापडला. आता विचार करा. तीच मूर्ती एखाद्या पोराने टेकाडावरून उचलून खिशात घालून आणली असती तर? मूर्ती तीच असती, पण ती मातीचे खेळणे ठरली असती. ती कोणत्या थरात होती, कोणत्या घरात होती, पेटीत कोणासोबत होती, हे नोंदवून ठेवले म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या श्रद्धेविषयी आज आपण काही बोलू शकतो. खापराला किंमत खापराची नसते; ते कोठे आणि कशासोबत होते त्या नोंदीची असते. आणि आमची महाविद्यालये मुलांना काय सांगतात? खापरे सोनेरी बांधणीत घालून आणा, नोंदवही नको!

नुसती टीका करून मी थांबत नाही. माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिल्या तासाला पहिला प्रोग्रॅम लिहिताना प्रोजेक्ट मांडूनच लिहावा, मग तो दोन ओळींचा का असेना. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दोन फायली कराव्यात. कोणतीही आयडीई वापरा, पण तिची प्रोजेक्ट फाइल मुलांना एकदा उघडून ओळ न् ओळ वाचून दाखवा, म्हणजे तिची भीती मोडेल. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशी नावे देण्यास मनाई असावी. जुन्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिटसारखी साधने फुकट मिळतात, ती शिकवावीत, आणि त्यांत प्रोग्रॅमबरोबर प्रोजेक्ट फाइलही ठेवावी. दळणातून निघणारे पीठ ठेवू नये. चिठ्ठी आणि डबे असले की पीठ केव्हाही होते.

आणि शेवटची मागणी परीक्षकांकडे. काळे पुस्तक हवे तर राहू द्या, बांधणीवाल्यांच्याही पोटावर पाय नको. पण सही करण्यापूर्वी मुलाने आणलेला फोल्डर त्याच्या नव्हे, दुसऱ्या मुलाच्या यंत्रावर उतरवा आणि त्याला म्हणा, “कर सुरू.” चालला तर गुण द्या. न चालला तर ग्रंथ कितीही जाड असो, परत पाठवा. एक वर्ष एवढे करा; पुढच्या वर्षी शिकवणाऱ्यांना तो अर्धा तास आपोआप सापडेल.

आमच्या निमोण्याच्या प्रोग्रॅमचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पाडव्याच्या दिवशी आम्ही नवा प्रोजेक्ट मांडला. खरी ठरलेली फाइल तेवढी आत घेतली, ‘नवा’ आणि ‘फायनल’ची सगळी जत्रा बाहेर काढली, पत्ते वाड्याच्या आतले केले. मग पुतण्याला म्हटले, “आता हा तुझ्या आणि माझ्या यंत्रावर नको. शेजारी जा.” तो गल्लीतल्या एका मित्राच्या घरी गेला. तासाभराने परत आला तो चेहरा पाडून. एक भाग घ्यावयाचा राहिला होता. यादीत नाव घातले, पुन्हा गेला. ह्या खेपेला दहा मिनिटांत आला आणि काही न बोलता वहिनींच्या डब्यातली एक पावती आणि मित्राच्या यंत्रावर छापून आणलेली एक पावती, दोन्ही माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. दर तोच होता, रक्कम तीच होती, पैशापर्यंत.

त्याच्या काळ्या पुस्तकाला महाविद्यालयाने उत्तम गुण दिले होते. मी त्याला त्या दोन पावत्या जपून ठेवावयास सांगितले आहे.